तेजस्विनी सावंत : विश्वविजेतेपदानंतर अकरा वर्षांनी ऑलिम्पिक

ऑगस्ट २०१०मध्ये जर्मनीतील म्युनिक येथे झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुणांची कमाई करून सुवर्णपदक पटकावले. या गुणांनी तत्कालीन जागतिक विक्रमाची बरोबरी झाली आणि नेमबाजीत विश्वविजेती ठरलेली पहिली भारतीय महिला म्हणून तिचे नाव नोंदले गेले. याच स्पर्धेत हैदराबादच्या गगन नारंगने पुरुषांच्या १० मीटर एअर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या कांस्यपदकाने नारंगला दोन वर्षांनंतरच्या लंडन ऑलिम्पिकचे तिकीट मिळवून दिले. तेजस्विनीच्या सुवर्णपदकाने मात्र तिला लंडनच्या दिशेने एक पाऊलही पुढे नेले नाही.

कारण साधे होते. महिलांची प्रोन स्पर्धा ऑलिम्पिकच्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हती. त्यापूर्वी ती कधी नव्हती आणि त्यानंतरही आलेली नाही. ज्या प्रकारात ती जगात सर्वोत्तम ठरली, त्या प्रकाराला जगातील सर्वांत मोठ्या क्रीडा महोत्सवाचे दार बंद होते. तेजस्विनीच्या कारकीर्दीकडे पाहताना ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर तिच्या यशाचा आणि तिला कराव्या लागलेल्या दीर्घ प्रतीक्षेचा अर्थ लागतो.

कोल्हापूर ते मेलबर्न

तेजस्विनीचा जन्म १२ सप्टेंबर १९८०चा. वडील नौदलात होते. कोल्हापूर हे शहर तालमींचे आणि कुस्तीचे. फुटबॉलचे वेडही तिथे तेवढेच. बंदुकीचा खेळ मात्र अशा शहरात मूठभर लोकांचा असतो. प्रशिक्षक जयसिंग कुसाळे यांच्या मार्गदर्शनाखाली तिने कोल्हापुरात रायफल हाती घेतली. पुढे माजी नेमबाज कुहेली गांगुली यांचे मार्गदर्शन तिला लाभले.

त्या काळी महाराष्ट्रातील महिला रायफल नेमबाजीचे केंद्र मुंबई होते. अंजली भागवतने २०००च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरी गाठली होती आणि २००२च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेत चार सुवर्णपदके जिंकली होती. २००४च्या अथेन्स ऑलिम्पिकला अंजली, सुमा शिरूर आणि दीपाली देशपांडे अशा तिघी गेल्या आणि त्यांतील सुमाने एअर रायफलची अंतिम फेरी गाठली. एकाच राज्यात, एकाच खेळात, एकाच वेळी एवढी गुणवत्ता एकवटली की नव्या खेळाडूला प्रेरणा मिळते, हे खरेच. पण भारतीय संघातील जागा मोजक्याच असतात, हेही तितकेच खरे. तेजस्विनीला या फळीच्या पाठोपाठ आपली जागा करायची होती.

२००४मध्ये इस्लामाबाद येथे झालेल्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या सुवर्णविजेत्या संघात तिचा समावेश होता. तिचे नाव घरोघरी पोहोचले ते मात्र २००६च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेने. १० मीटर एअर रायफलच्या वैयक्तिक प्रकारात तिने सुवर्णपदक मिळवले, तर अवनीत कौर सिद्धूच्या साथीने दुहेरीतही सुवर्णवेध घेतला. कोल्हापूरच्याच राही सरनोबतने नेमबाजीकडे वळण्यामागे तेजस्विनीच्या मेलबर्नमधील या यशाची प्रेरणा होती. राहीने रायफलऐवजी पिस्तूल निवडले आणि २०१८च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले.

मेलबर्नच्या यशानंतर एअर रायफल हाच तेजस्विनीचा राजमार्ग ठरेल, असे कोणालाही वाटले असते. तसे झाले नाही. २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकला महिला रायफलमध्ये भारताकडून अंजली भागवत आणि अवनीत सिद्धू गेल्या. तेजस्विनीचा कल हळूहळू ५० मीटरच्या रायफलकडे झुकला आणि २००९मध्ये म्युनिकच्याच विश्वचषक स्पर्धेत तिने ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले.

तीन पवित्रे, तीन वेगळे खेळ

सामान्य वाचकाला 'रायफल नेमबाजी' हा एकच खेळ वाटतो. प्रत्यक्षात १० मीटर आणि ५० मीटर यांत क्रिकेटमधील कसोटी आणि एकदिवसीय सामन्यांपेक्षाही अधिक अंतर आहे.

एअर रायफलमध्ये हवेच्या दाबाने साडेचार मिलिमीटर व्यासाचा छर्रा सुटतो. स्पर्धा बंदिस्त दालनात होते, नेमबाज उभा राहूनच नेम धरतो आणि दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. ५० मीटरला पॉइंट टू टू बोअरचे खरे काडतूस वापरतात. दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे, म्हणजे साधारण शर्टाच्या बटणाएवढे, आणि ते पन्नास मीटरवर. नेमबाजाच्या डोक्यावर छप्पर असले तरी गोळी जाते ती उघड्या हवेतून. वारा डावीकडून येतो की उजवीकडून, ऊन पडले की ढग आले, तापलेल्या जमिनीवरची हवा किती लहरते, हे सारे हिशेबात घ्यावे लागते. रेंजवर ठिकठिकाणी लावलेल्या चिंचोळ्या निशाणांकडे नेमबाजाची एक नजर सतत असते. वाऱ्याची झुळूक थांबण्याची वाट पाहायची, की साइट फिरवून वाऱ्यासकट नेम धरायचा, हा निर्णय प्रत्येक गोळीला नव्याने करावा लागतो.

थ्री पोझिशनमध्ये नेमबाज आधी गुडघा टेकून, नंतर पालथे झोपून आणि शेवटी उभे राहून गोळ्या झाडतो. पालथ्या पवित्र्यालाच प्रोन म्हणतात. यात दोन्ही कोपरे जमिनीवर टेकलेली असतात, दंडाला अडकवलेला पट्टा रायफलचा भार पेलतो आणि स्नायूंना फारसे काम उरत नाही. त्यामुळे प्रोन सोपे, असा एक समज रूढ आहे. समज अर्धाच खरा आहे. प्रोनमध्ये दहा गुण मिळवणे सोपे असते, पण ते सगळ्यांनाच सोपे असते. साहजिकच तेथे चुकीला जागा उरत नाही. तेजस्विनीचे ५९७ म्हणजे साठ गोळ्यांपैकी किमान सत्तावन्न गोळ्या त्या बटणाएवढ्या वर्तुळात. शिवाय महिलांच्या प्रोनला अंतिम फेरी नसते. साठ गोळ्यांच्या अखेरीस जो गुणफलक असेल तोच निकाल. एखाद्या ढिसाळ गोळीची भरपाई करायला दुसरी संधी नाही.

गुडघा टेकण्याच्या पवित्र्यात पट्टा वापरता येतो आणि घोट्याखाली छोटी गुंडाळी ठेवता येते, पण शरीराचा तोल तीनच टेकूंवर असतो आणि कोपराखाली येणारी नाडीची धडधड थेट रायफलमध्ये उतरते. उभ्या पवित्र्यात तर पट्टाही नाही. पाच-सहा किलोंची रायफल, जाड कॅनव्हास आणि चामड्याचे ताठर जाकीट, आणि कमरेच्या हाडावर टेकवलेले कोपर. नेमबाजाचे शरीर कधीच पूर्ण स्थिर नसते. नळी लक्ष्यावरून झोके घेत असते आणि तो झोका मधोमध येईल त्या क्षणी चाप दाबला जावा लागतो. पदकतालिका बहुतेक वेळा उभ्या पवित्र्यात ठरते, ती त्यामुळेच.

कार्यक्रमपत्रिकेचा प्रश्न

महिलांना प्रोन का नाही, याचे उत्तर इतिहासात आहे. १९८०पर्यंत ऑलिम्पिक नेमबाजीत महिलांसाठी स्वतंत्र स्पर्धा नव्हती. पुरुषांच्या स्पर्धेतच त्या उतरत. १९७६च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या मार्गारेट मर्डॉकने थ्री पोझिशनमध्ये सहकारी लॅनी बॅशमइतकेच गुण मिळवले. नियमाच्या बारकाव्यामुळे सुवर्ण बॅशमला आणि रौप्य मर्डॉकला देण्यात आले, तेव्हा राष्ट्रगीत सुरू असताना बॅशमने तिला हात देऊन सर्वोच्च पायरीवर आपल्या शेजारी उभे केले होते. पुढे १९८४मध्ये महिलांच्या वेगळ्या स्पर्धा सुरू झाल्या. रायफलमध्ये एअर रायफल आणि थ्री पोझिशन हे दोनच प्रकार त्यांच्या वाट्याला आले. पुरुषांना प्रोन राहिले, महिलांना मिळाले नाही.

याचे परिणाम कागदापुरते मर्यादित नसतात. लंडनमध्ये भारताचा जॉयदीप कर्माकर पुरुषांच्या प्रोनमध्ये चौथा आला, हा तपशील अनेकांना आठवत असेल. त्याच्यासाठी हा दरवाजा उघडा होता. प्रोनची विश्वविजेती असलेल्या तेजस्विनीसाठी तो नव्हता. पात्रतेचा कोटा फक्त ऑलिम्पिक प्रकारांतच मिळतो. प्रायोजक, परदेशातील सराव, दारूगोळ्याचा खर्च या साऱ्यांचा ओघ जिथे ऑलिम्पिक पदकाची शक्यता दिसते तिकडेच वाहतो. जागतिक अजिंक्यपद मिळवूनही ती चार वर्षांतून एकदा होणाऱ्या हिशेबाच्या बाहेरच राहिली. गंमत अशी की समानतेच्या धोरणाने हा अन्याय पुढे दूर झाला तो उलट्या मार्गाने. महिलांना प्रोन देण्याऐवजी २०१६च्या रिओनंतर पुरुषांचेच प्रोन वगळण्यात आले आणि मिश्र सांघिक प्रकार आणले गेले.

मात्र सारा दोष नियमांच्या माथी मारणेही योग्य होणार नाही. थ्री पोझिशन ऑलिम्पिकमध्ये होतेच आणि प्रोन हा त्याचा एक तृतीयांश भाग आहे. तेजस्विनीची अडचण उरलेल्या दोन तृतीयांशाची होती. तिथे तिची कामगिरी चांगली होती. पण जगातील पहिल्या आठ जणींमध्ये सातत्याने बसण्याइतकी ती नव्हती. बीजिंगपाठोपाठ लंडन आणि रिओ ही ऑलिम्पिकही तिच्याविना पार पडली. लंडनला भारताच्या एकाही महिला रायफल नेमबाजाने पात्रता मिळवली नव्हती. रिओला अपूर्वी चंडेला आणि अयोनिका पॉल गेल्या, त्याही एअर रायफलमध्ये.

दरम्यान दिल्लीत २०१०मध्ये झालेल्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने प्रोनच्या वैयक्तिक प्रकारात रौप्य, लज्जा गोस्वामीच्या साथीने थ्री पोझिशन दुहेरीत रौप्य आणि मीना कुमारीच्या साथीने प्रोन दुहेरीत कांस्यपदक मिळवले. २०११मध्ये अर्जुन पुरस्काराने तिचा गौरव झाला. राज्य शासनाने क्रीडा खात्यात तिला अधिकारीपद दिले.

गोल्ड कोस्टवरील पुनरागमन

२०१०नंतरची सात-आठ वर्षे बातम्यांत कमी दिसलेल्या खेळाडूचे नाव २०१८मध्ये पुन्हा मथळ्यात आले. ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे राष्ट्रकुल स्पर्धेत तेजस्विनी उतरली तेव्हा ती ३७ वर्षांची होती. १२ एप्रिल रोजी प्रोनमध्ये ६१८.९ गुणांसह ती दुसरी आली. सिंगापूरच्या मार्टिना वेलोसोने ६२१.० गुणांच्या स्पर्धा विक्रमासह सुवर्णपदक मिळवले. (२०१३पासून गुण दशांशात मोजले जाऊ लागल्याने एका गोळीला कमाल १०.९ गुण मिळतात. म्हणून ६०० हा आकडा ओलांडलेला दिसतो.)

दुसऱ्या दिवशी थ्री पोझिशनची अंतिम फेरी होती. प्राथमिक फेरीत तरुण सहकारी अंजुम मौदगिल आघाडीवर होती. अंतिम फेरीत तिन्ही पवित्र्यांत प्रत्येकी पंधरा, अशा पंचेचाळीस गोळ्या होत्या आणि चाळीस गोळ्यांनंतर स्पर्धक बाद होत गेल्या. तेजस्विनीने ४५७.९ गुणांचा स्पर्धा विक्रम नोंदवून सुवर्ण जिंकले. अंजुमला ४५५.७ गुणांसह रौप्य मिळाले, तर तिसऱ्या क्रमांकावरील स्कॉटलंडची शोनेड मॅकिंटॉश ४४४.६ गुणांवर राहिली. ज्या उभ्या पवित्र्याने आजवर वाट अडवली होती, त्याच पवित्र्यात अखेरपर्यंत टिकून मिळवलेले हे सुवर्णपदक होते. त्यामुळे मेलबर्नच्या दोन सुवर्णपदकांपेक्षा त्याचे मोल अधिक, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

या पदकांनी तिच्या राष्ट्रकुल पदकांची संख्या सात झाली : तीन सुवर्ण, तीन रौप्य आणि एक कांस्य. ती वाढण्याची शक्यता मात्र राहिली नाही, कारण २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतून नेमबाजीच वगळण्यात आली आणि २०२६च्या ग्लासगो स्पर्धेच्या कार्यक्रमातही तिला स्थान देण्यात आले नाही.

दोहा ते टोकियो

गोल्ड कोस्टच्या यशाने ऑलिम्पिकची आशा पुन्हा पालवली, पण त्याच सुमारास नियम बदलले. टोकियोच्या पात्रतेसाठी महिलांची थ्री पोझिशनची प्राथमिक फेरी ६० गोळ्यांवरून १२०वर नेण्यात आली. पुरुषांइतक्याच गोळ्या, हा समानतेचा न्याय योग्यच. पण चाळिशीकडे झुकलेल्या खेळाडूला गुडघ्यावर चाळीस आणि उभ्याने चाळीस गोळ्या झाडणे म्हणजे दुप्पट वेळ त्याच अवघड अवस्थेत शरीर जखडून ठेवणे. नेमबाजीला वयाची मर्यादा नाही असे म्हटले जाते. पाठीचा कणा आणि गुडघे यांचे मत वेगळे असू शकते.

नोव्हेंबर २०१९मध्ये दोहा येथे आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. १२०० पैकी ११७१ गुण मिळवून तेजस्विनीने पाचव्या क्रमांकाने अंतिम फेरी गाठली आणि अखेरीस ती चौथी आली. पदक हुकले. तरीही अंतिम फेरीतील अनेकींच्या देशांनी आधीच कोटा मिळवलेला असल्यामुळे भारताला ऑलिम्पिकची जागा मिळाली. म्युनिकमध्ये जग जिंकूनही जे मिळाले नव्हते, ते दोह्यात चौथ्या क्रमांकाने मिळाले. नियमानुसार कोटा खेळाडूचा नसून देशाचा असतो. त्यामुळे निवडीची टांगती तलवार होतीच. त्यात करोनाच्या साथीमुळे ऑलिम्पिक वर्षभर लांबले.

मार्च २०२१मध्ये दिल्लीतील विश्वचषक स्पर्धेत तेजस्विनी आणि संजीव राजपूत यांनी ५० मीटर थ्री पोझिशन मिश्र दुहेरीत युक्रेनच्या सेर्ही कुलिश आणि अ‍ॅना इलिना या जोडीवर ३१-२९ अशी मात करून सुवर्णपदक मिळवले. हाही प्रकार ऑलिम्पिकमध्ये नव्हता, हे सांगायलाच हवे. निवड जाहीर झाली, संघ मे महिन्यात क्रोएशियातील झाग्रेबला सरावासाठी रवाना झाला आणि तेथूनच टोकियोला गेला. वयाच्या चाळिसाव्या वर्षी तेजस्विनी प्रथमच ऑलिम्पिकपटू झाली. राही सरनोबतही त्याच संघात होती.

३१ जुलै २०२१ रोजी असाका येथील रेंजवर तेजस्विनीची स्पर्धा झाली. गुडघा टेकून ३८४, पालथे ३९४ आणि उभ्याने ३७६, असे एकूण ११५४ गुण तिने मिळवले आणि ती ३३वी आली. अंजुम मौदगिल ११६७ गुणांसह पंधरावी राहिली. दोघींपैकी कोणीही अंतिम फेरीत पोहोचली नाही. टोकियोत भारतीय नेमबाजांना एकही पदक मिळाले नाही आणि त्यावर देशभर टीकेची झोड उठली. त्या गदारोळात एक तपशील नजरेआड झाला. तेजस्विनी आणि अंजुम यांच्यातील तेरा गुणांच्या फरकापैकी प्रोनचा वाटा फक्त एका गुणाचा होता. उरलेले बारा गुण गुडघ्यावर आणि उभ्याने सारखेच, सहा-सहा, गेले. चाळिसाव्या वर्षीही तिचा पालथा नेम पूर्वीसारखाच होता. ज्या एका प्रकाराने तिला विश्वविजेतेपद दिले, त्याची स्वतंत्र स्पर्धा असती तर, हा प्रश्न टोकियोच्या गुणपत्रिकेतूनही पुन्हा डोके वर काढतो.

थ्री पोझिशनमधील भारताचे पहिले ऑलिम्पिक पदक अखेर कोल्हापूर जिल्ह्यातच आले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ४५१.४ गुणांसह तिसरा आला. अथेन्सला गेलेल्या त्या तिघींपैकी दीपाली देशपांडे या त्याच्या प्रशिक्षक. खाशाबा जाधव यांच्या १९५२च्या हेलसिंकीतील कांस्यपदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूने मिळवलेले हे पहिलेच वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. सुवर्ण चीनच्या लिऊ युकुनला मिळाले आणि रौप्य युक्रेनच्या त्याच सेर्ही कुलिशला, ज्याला तीन वर्षांपूर्वी दिल्लीत तेजस्विनी आणि संजीव यांनी दोन गुणांनी हरवले होते.